शेऱ्याचा रकाना

प्रगतिपुस्तकात शेऱ्याला दोन बोटं जागा असते.
पहिलीला कुणीतरी लिहिलंय: चंचल.
तिसरीला: हुशार आहे, पण.
पणच्या पुढे शाई संपली असेल
किंवा वर्ष.
पाचवीला मीच: लक्ष देत नाही. पालकांनी लक्ष द्यावे.
खाली माझी सही, शाळेचा शिक्का,
शिक्क्यात उमटलेलं अर्धंच तळाशील.

आमची शाळा वाळूच्या पट्टीवर.
एका खिडकीत समुद्र, दुसऱ्या खिडकीत खाडी,
मध्ये सव्वीस पोरं आणि लसावि.
लौकिक धर्माजी कुबल याला मी
आधी समुद्राच्या खिडकीतून उठवलं,
मग खाडीच्या,
मग दाराशी बसवलं, मग माझ्या टेबलाला चिकटून,
जिथून त्याला माझ्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येई.
त्याच्या आत आवाजाला दार नाही.
पंख्याची कुरकुर, पाणी चढवणारा पंप,
कुणाची होडी लागली, कोण कुणावर ओरडलं,
माझा लसावि,
सगळे एकाच रांगेत, एकाच उंचीचे.
मी आवाज चढवला की रांगेत आणखी एक.

वाटायचं, किनाऱ्यावर तरी हा पोरगा चमकत असेल.
अशा गोष्टी आम्ही शिक्षक एकमेकांना सांगतो,
बरं वाटतं.
एका रविवारी रापण ओढताना पाहिलं:
दोर अर्ध्यात सोडून तो कुर्लीमागे गेला,
बापानं कचकचीत शिवी हासडली,
दोर चुलत्यानं धरला.
थोड्या वेळानं कुणी त्याला टोपल्यांना पिटाळलं,
मग बर्फाला, मग पाण्याला, मग पुन्हा दोराला.
एवढंच.
चमकला-बिमकला नाही.
फक्त संध्याकाळपर्यंत त्याच्यावर कुणी शेरा लिहिला नाही
आणि त्याच्या वाट्याचे बांगडे त्याला मिळाले.

आई म्हणाली, आयकता सगळा ओ बाई, पण रवणा नाय.
जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तेच
इंग्रजीच्या चार अक्षरांत सांगितलं.
ओरोसला तीन खेपा. एकदा डॉक्टर रजेवर,
एकदा आधार कार्डावर लौकीक, दीर्घ.
तिसऱ्या खेपेला कागद आला.
कागदानं सवलत दिली:
परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त.
ज्याला बसवत नाही
त्याला बसायला अजून वीस मिनिटं.
मी हसले नाही. परिपत्रक फाईलला लावलं.

मग जे केलं ते कुठल्याच फाईलला लागणार नाही.
त्याला उभं राहू दिलं.
दहा गणितांची दोन-दोन केली.
फळा पुसणं, घंटा देणं, पाण्याची कळशी त्याच्याकडे,
आणि फेरीगणिक एक प्रश्न.
कधी जमलं.
कधी घंटा दहा मिनिटं आधीच देऊन तो मोकळा.
बाकीची पंचवीस म्हणाली, बाई, आम्ही पण उभे?
त्यांना काय सांगायचं ते मला अजून माहीत नाही.
केंद्रप्रमुखांनी विचारलं, हा का उभा, शिक्षा?
म्हटलं, नाही सर, शिकतोय.
त्यांनी माझं टाचण तपासलं.

आता सातवी झाली. जूनपासून हायस्कूल,
वर्गात साठ, दिवसाला आठ तासिका,
दर तासिकेला नवा माणूस,
आणि त्या आठ माणसांना सांगायला
माझ्याजवळ ही दोन बोटं जागा.
बारीक अक्षर काढलं. तरी समासात गेलं,
शिक्क्याच्या जागेत गेलं, मागच्या पानावर उतरलं.
काय चालतं, काय चालत नाही,
मी कुठे चुकले, तेही.

निकालाच्या दिवशी पुस्तक त्याच्या हातात दिलं.
पायरीवर बसून त्यानं चप्पल घातली,
एकच,
तेवढ्यात लांबून कुणी शीळ घातली आणि तो पळाला.
पुस्तक पायरीवर.
मी हाक मारली.
ऐकली असेल त्यानं.